वाढलेलं तेल

मी एक जुनी तेलाची पट्टी आहे. हातभर लांब, बोटापेक्षा अरुंद, वरच्या टोकाला पकडायला वाकवलेली कडी आणि खालच्या टोकाजवळ कोरलेल्या दोन रेघा, एवढाच माझा देह. डिझेल इंजिनाच्या पोटात तेल किती आहे हे मी सांगते. मेकॅनिक मला 'गेज' म्हणतात, आमचे बंडूजी मला 'काडी' म्हणतात. मित्रांनो, मोठी माणसं गाडीचं झाकण उघडतात, एक पट्टी ओढून काढतात, फडक्याने पुसतात, पुन्हा आत घालून बाहेर काढतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ती पट्टी माझ्याच जातीची.

स्वभावाने मी जरा तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. गोड बोलणं मला जमत नाही. जेवढं तेल असेल तेवढंच मी दाखवते, मग समोरच्याचं तोंड आंबट झालं तरी चालेल. तरीही आयुष्यात एकदा मी कौतुकाला भुलले. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पोलादाच्या लांब फितीतून मला कापलं, घासलं, आणि एका कारागिराने छिन्नीने माझ्या अंगावर दोन रेघा मारल्या. खालच्या रेघेच्या खाली तेल गेलं की इंजिन चालवायचं नाही. वरच्या रेघेपर्यंत आलं की पुरे. पण तेल वरच्या रेघेच्याही वर चढलं तर काय समजायचं, यासाठी त्याने काहीच खूण केली नाही. तशी गरज पडेल असं त्याला वाटलं नसावं.

पहिली बारा वर्षं मी वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याकडच्या एका गावात बंडूजींच्या विहिरीवर काढली. आमचं इंजिन विहिरीचं पाणी उपसायचं आणि ते पाणी वांग्यांना, फुलकोबीला, सांभाराला जायचं. तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता त्याला आमच्याकडे सांभार म्हणतात. बंडूजी भाजीपाल्याचे शेतकरी. रोज सकाळी ते मला ओढून काढत, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसत, पुन्हा बुडवून पाहत आणि मान हलवत. ती मान हलली की मला दिवसभराचं समाधान मिळे. पुढे विजेची मोटर आली आणि आमचं इंजिन गोठ्यात एका पोत्याखाली जाऊन बसलं. चार वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. उंदरांनी पोतं कुरतडलं, माझ्या कडीला गंज चढला. वाईट वाटायचं, नाही असं नाही.

मग धरणाचं पाणी वाढलं. गावातून बाहेर जायला नाल्यावर एक रपटा होता, म्हणजे बुटका, सपाट पूल. पावसाळ्यात धरणाचा फुगवटा नाल्यात शिरला की तो रपटा तीन-तीन महिने पाण्याखाली राहू लागला. बाहेर पडायचं तर तीस किलोमीटरचा वळसा, आणि तोही गाडी रुतेल अशा चिखलाच्या रस्त्याने. बंडूजींनी एक लोखंडी बोट आणली, आम्हाला गोठ्यातून काढलं आणि बोटीत बसवलं. आमच्या इंजिनाला थंड ठेवायला एक छोटा पंप धरणाचंच पाणी ओढायचा. ते पाणी इंजिनाच्या भिंतीतून फिरून बाहेर पडायचं. तेल आतल्या बाजूला, पाणी बाहेरच्या बाजूला आणि दोघांच्या मध्ये, लायनर नावाच्या नळकांड्याला घातलेल्या, रबराच्या दोन रिंगा. या रिंगा लक्षात ठेवा, मित्रांनो.

बोटीतून भाजी जायची, शिक्षक यायचे, मोटारसायकलीही जायच्या. आणि दर मंगळवारी व शुक्रवारी धुरपताबाई जायच्या. धुरपताबाईंनी वीस वर्षं गावच्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवली होती. आता त्यांच्या किडन्या काम करत नव्हत्या. आठवड्यातून दोनदा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यावं लागे. सोबत त्यांची मुलगी नंदिनी असे. ती ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करायची आणि त्या दोन दिवशी सुट्टी घ्यायची.

"जयभीम, बंडूभाऊ," बोटीत पाय ठेवताना धुरपताबाई म्हणत.

"रामराम बाई. बसा सावकाश. आज पाणी शांत हाये," बंडूजी म्हणत आणि त्यांच्यासाठी पोत्याची घडी फळीवर टाकत. धुरपताबाईंची जागा ठरलेली होती, इंजिनाजवळची. तिथे बोट कमी हलते.

यंदाच्या श्रावणात एक नवलाची गोष्ट घडली. जुनं इंजिन थोडंफार तेल खातंच. दर आठ-पंधरा दिवसांनी बंडूजींना वाटीभर तेल टाकावं लागायचं. पण आता तेल उतरेना. उलट एक दिवस ते वरच्या रेघेच्या बोटभर वर दिसलं. बंडूजींनी मला उन्हात धरलं आणि सगळ्या बोटीला दाखवलं.

"पाह्यलं काय? एक थेंब खाऊन नाई राह्यलं! उलट वाढलं! याले म्हणते जुनं इंजन!"

लोक हसले, कोणी इंजिनाची पाठ थोपटली. आणि मी, जिला गोड बोलणं जमत नाही, ती मी शेफारून गेले. माझ्या टोकाला पाण्याचे बारीक मणी चिकटलेले मला जाणवत होते. तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं, म्हणून ते मणी अगदी टोकालाच होते. बंडूजींनी मला नेहमीसारखं आधी पुसलं आणि मग पाहिलं होतं. मणी दुपट्ट्यात गेले, आणि दुसऱ्यांदा त्यांनी फक्त रेघच पाहिली. मी कुठे बोलू शकते, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी फक्त धुरपताबाई हसल्या नाहीत.

"बंडूभाऊ, वाढलं म्हणजे चांगलंच असते काय?" त्या म्हणाल्या. "मागच्या साली माह्यं तोंड भरलं होतं, तं सारे म्हणे, धुरपताची तब्येत सुधरली. वजनही वाढलं होतं. मंग डॉक्टरनं सांगतलं, बाई, हे मांस नाई, पाणी हाये."

"इंजनले का किडनी असते बाई?" बंडूजी म्हणाले. पुन्हा सगळे हसले. धुरपताबाईही थोड्या हसल्या आणि गप्प झाल्या.

मग पोळा आला. बंडूजींची बैलजोडी केव्हाच विकली गेली होती. गावात बैल धुतले, रंगवले जात असताना आपण रिकाम्या हातांनी बसायचं हे त्यांना सहन होईना. म्हणून बोट आल्यापासून ते पोळ्याला आमच्या इंजिनालाच आंघोळ घालायचे. बोअरवेलच्या, म्हणजे बोरच्या, पाण्याच्या बादल्या आणायच्या, शिकेकाई लावून घासायचं, झेंडूची माळ घालायची आणि वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, इंजिनाच्या तोंडापुढे पुरणपोळी ठेवायची. मला ते फार आवडायचं. यंदा शनिवारी पोळा झाला आणि रविवारी सकाळी मला ओढून काढलं तर माझ्या अंगावर तेल नव्हतंच. दूध जास्त पडलेल्या चहासारखं पांढुरकं, फेसाळ काहीतरी होतं.

बंडूजींनी पुलगावहून ओमप्रकाश मिस्त्रीला बोलावलं. ओमप्रकाश हाताने हुशार, पण घाईचा माणूस. त्याने मला नाकाशी धरून वास घेतला.

"डिझेल का बास नहीं है. डिझेल उतरलं असतं तं तेल पातळ झालं असतं," तो म्हणाला. "हे पाणी हाये. इंजन धुतलं होतं काय?"

"काल पोळा होता ना. दोन बादल्या टाकल्या."

"बस, हो गया! तेल टाकायच्या तोंडातून गेलं असन. झाकण ढिलं हाये तुमचं."

त्याने जुनं तेल काढलं, नवीन भरलं, झाकण घट्ट केलं. जाताना त्या पांढुरक्या तेलाची एक काचेची बाटली भरून ठेवली. म्हणाला, "राहू द्या, पाणी किती होतं ते कळन." आणि नाचणगावात दुसरं काम आहे म्हणून निघून गेला. बंडूजींचा जीव भांड्यात पडला. मला मात्र नवीन तेलात बुडून एक रात्र होते न होते तोच टोकाला पुन्हा गारवा जाणवला.

मंगळवारी संध्याकाळी धुरपताबाई दवाखान्यातून परतत होत्या. ती बाटली फळीखाली तशीच उभी होती. दोन दिवसांत तेल वर आलं होतं आणि पाणी खाली बसलं होतं. धुरपताबाईंनी बाटली उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"बंडूभाऊ, पोळ्याले आंघोळ कोणत्या पाण्यानं घातली होती?"

"बोरच्या. काऊन?"

"बोरचं पाणी निवळ असते. हे पाह्या, खाली गाळ बसला. लाल माती हाये. हे तुमच्या बादलीतलं पाणी नाई. हे धरणाचं पाणी हाये. आंघोळीनं नाई आलं, आतूनच येऊन राह्यलं."

नंदिनीने बाटली हातात घेऊन पाहिली. धुरपताबाई पुढे म्हणाल्या, "खात्री करा. एक थेंब गरम तव्यावर टाकून पाह्या. ओला झारा कढईत गेला की तेल कसं तडतडते, तसं होईन."

वच्छलाबाईंनी आपला भाकरीचा तवा काही दिला नाही. "इंजनचं तेल अन् माह्यावाला तवा? पाय नाई ठेवू देणार घरात," त्या म्हणाल्या. मग एक फुटकं झाकण चुलीवर तापवलं. बंडूजींनी मला इंजिनातून काढलं, न पुसता, आणि माझ्या टोकाचा थेंब त्या झाकणावर पाडला. थेंब तडतडला, उडाला, वच्छलाबाई मागे सरकल्या. नव्या तेलाचा होता तो थेंब, दोन दिवसांपूर्वी भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश पुन्हा आला. या वेळी त्याने घाई केली नाही. इंजिन चालू ठेवून फिरून बाहेर पडणारं पाणी पाहिलं, त्यात बुडबुडे नव्हते. म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते ठीक होतं. मग त्याने मान हलवली.

"बाई बराबर बोलली. लायनरच्या रबराच्या रिंगा गेल्या. इंजन चालू असलं तं थोडं थोडं, अन् उभं राह्यलं की भिंतीतलं पाणी रात्रभर ठिबकते तेलात. खोलना पडेगा. तीन दिवस धरून चाला."

"तीन दिवस?" बंडूजी म्हणाले. "अरे, रविवारी महालक्ष्म्यांचं जेवण हाये! सोळा भाज्या लागते घराघरात. साऱ्या गावाची भाजी पलीकडं न्याची हाये. महालक्ष्म्या झाल्या की सोमवारी खोल."

ओमप्रकाशने खांदे उडवले. मग एक उपाय सांगितला. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी खालचा बोल्ट ढिला करायचा, तळाशी बसलेलं पाणी जाऊ द्यायचं, तेल दिसायला लागलं की बोल्ट घट्ट करायचा आणि जेवढं गेलं तेवढं तेल वरून टाकायचं. दहा मिनिटांचं काम. "अन् काडी काढली की पुसू नका," तो म्हणाला. "आधी टोक पाह्या. मंग पुसा."

गुरुवारी बंडूजींनी हे सगळं नीट केलं. शुक्रवारी मात्र वारं सुटलं, पाणी उसळू लागलं आणि बोट दिवसभर खुंट्याला बांधून राहिली. इंजिन उभं होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस आणि दोन रात्री त्या झिजलेल्या रिंगांमधून धरणाचं पाणी आमच्या पोटात ठिबकत राहिलं. मी मोजत होते. माझी वरची रेघ बुडाली आणि तेल माझ्या कडीकडे चढू लागलं.

शुक्रवार हा धुरपताबाईंचाही वार होता. तो चुकला. नंदिनीने दवाखान्यात फोन केला, त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी कसंही करून घेऊन या. शनिवारी सकाळी नंदिनी आईला धरून काठावर आली तेव्हा धुरपताबाईंचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. दोन पावलं टाकली की त्या थांबत. "जयभीम" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसता हात उचलला.

बोट भाजीच्या पोत्यांनी भरली होती. बंडूजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घाईघाईने त्यांनी मला ओढून काढलं आणि, इतक्या वर्षांची सवय, दुपट्ट्याला पुसलं. टोकाला पाण्याची धारच होती, मित्रांनो. ती दुपट्ट्यात गेली. पुन्हा बुडवून त्यांनी नुसती रेघ पाहिली. तेल काठोकाठ.

"काका, खालचं पाणी काढलं काय?" नंदिनीने विचारलं.

"काडी पाह्यली, भरून हाये. आता दहा मिनिटं तिथं घालवू, का बाईले पलीकडं नेऊ?"

नंदिनी काही बोलली नाही. धुरपताबाई माझ्याकडे, माझ्या टोकाकडे पाहत होत्या. त्यांचे ओठ हलले. पण छातीत पाणी भरलेल्या माणसाला श्वास घ्यायचा की बोलायचं, यातलं एकच जमतं. बंडूजींनी हँडल फिरवलं आणि इंजिन सुरू झालं.

पाण्याने कोणाची झीज थांबत नाही. लोखंडावर लोखंड घासू लागलं की मध्ये तेलच हवं. अर्ध्या पाण्यात पोचलो तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला, मग एक कर्कश किंकाळी निघाली आणि सगळं जागच्या जागी जाम झालं. बंडूजींनी हँडल दोन्ही हातांनी ओढलं, ते तसूभरही हललं नाही. बोटीत एकच बांबू होता आणि तिथे तो तळाला टेकत नव्हता. वाऱ्याने बोट हळूहळू उलट दिशेला नेली. बंडूजी फळी काढून तिनेच पाणी मारू लागले. हातांना फोड आले, ते फुटले. "होते बाई, होते, पोचलो," असं ते म्हणत राहिले. भाजीची पोती त्यांनी एकेक करून पाण्यात टाकली. वांगी, दोडकी, भेंड्या बोटीभोवती तरंगत होत्या. नंदिनी आईला मागून टेकू देऊन बसली होती आणि फोनवर पलीकडच्या गाडीवाल्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, थांब, जाऊ नको.

मासेमारीची एक नाव दिसली तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी दोर टाकून आम्हाला काठाला ओढलं. साडेचार तास गेले होते. गाडीवाला थांबला होता. धुरपताबाईंना उचलून आत ठेवलं. गाडी पुलगाव ओलांडून वर्धेच्या रस्त्याला लागली होती, तेव्हा त्यांचा श्वास थांबला. हे मला दुसऱ्या दिवशी काठावरच्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. मी बोटीतच होते, पाण्यात बुडलेली, तेल म्हणवणाऱ्या त्या चिखलात.

सोमवारी ओमप्रकाश आला. त्याने इंजिन खोललं, घासलेले भाग बदलले, नव्या रिंगा बसवल्या. त्या दोन काळ्या रिंगा त्याच्या तळहातावर मावत होत्या. बंडूजी बाजूला बसून पाहत होते. काम सुरू झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं नव्हतं, आणि रिंगा बसल्या तेव्हा ते कलायला लागलं होतं.

"तू तीन दिवस म्हणला होता," बंडूजी म्हणाले.

ओमप्रकाशने मान वर केली नाही. "रिंगा बसवायले अर्धाच दिवस लागते, बंडूजी. मी धरून चालायले सांगतलं होतं. साराच हिशोब जास्तीचा सांगाची सवय हाये आमाले."

त्यानंतर बंडूजी एकदाही चुकले नाहीत. रोज सकाळी ते मला न पुसता काढतात, टोक उन्हात धरतात आणि बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. लोक आता हसत नाहीत. धुरपताबाईंचा जलदान विधी उरकल्यावर काही दिवसांनी नंदिनी काठावर आली. तिला दवाखान्यातून आईचे कागद आणायचे होते. बंडूजी माझ्यासकट धावत तिच्याकडे गेले.

"पाह्य बेटा. पाणी नाई. पाह्य तू."

तिने मला हातात घेतलं. टोक पाहिलं, रेघा पाहिल्या. माझ्या अंगावर स्वच्छ, सोनेरी तेल होतं, बरोबर वरच्या रेघेपर्यंत.

"चांगलं हाये काका," ती म्हणाली. "त्या दिवशी मी विचारलं होतं. तुम्ही एकदा नाई म्हणले अन् मी गप्प बसली. मले माहीत होतं, तरी दुसऱ्यांदा नाई विचारलं."

तिने मला त्यांच्या हातात परत दिलं आणि बोटीत न चढता चिखलाच्या रस्त्याने वळसा घालून जायला निघाली. बंडूजींनी तिला हाक मारली नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत ते मला तसेच धरून उभे होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची निगा राखा, असं मी म्हणणारच, ते माझं कामच आहे. यंत्र खोलायचं आजचं काम सणापलीकडे ढकलू नका, हेही म्हणेन. पण तुमच्याकडे माझं खरं मागणं वेगळंच आहे. मोठी माणसं घाईत असतात, चांगली माणसंसुद्धा. तुम्हाला काही चुकतंय असं दिसलं आणि तुम्ही विचारलंत, तर ते एकदा तुम्हाला गप्प करतील. तेव्हा पुन्हा विचारा. रागावले तरी विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.